बाराचा दिवा

"दिवा अजून थोडा वर घ्या, बाई. अजून. हां, आता कसा बरोबर डोक्यावर आला."

आर्किटेक्ट साहेब मागे सरकले, मान तिरकी करून टेबलाकडे बघत राहिले आणि खूश झाले. खूश होण्यासारखंच होतं ते. शहराच्या ऐन मध्यावरची जुनी गोदामं पाडून तिथे पाच इमारती उठायच्या होत्या, त्यातली एक तर साठ मजल्यांची. खाली दुकानं, त्यावर कचेऱ्या, मधे हॉटेल आणि सगळ्यांच्या डोक्यावर राहती घरं. बिल्डर म्हणायचा, माणूस एकदा आत शिरला की नोकरी, खरेदी, झोप सगळं उरकूनच बाहेर पडेल. ते सगळं आज, आजूबाजूच्या गल्ल्यांसकट, जेवणाच्या टेबलाएवढ्या फळीवर उभं होतं, आणि उभं केलं होतं ठोकळेबाईंनी.

इमारतींची मॉडेलं करणं हा बाईंचा धंदा. खरं नाव साहेबांच्या ऑफिसात कुणी घेत नसे आणि बाईंचं त्यावाचून काही अडतही नसे. फोन उचलला की त्याच सांगायच्या, "ठोकळेबाई बोलतेय, काय हवंय?" शहरात गेल्या कित्येक वर्षांत जे जे उंच उभं राहिलं ते आधी त्यांच्या कारखान्यात उभं राहिलेलं, आणि हे त्या कुणालाही, न विचारता, सांगत असत.

या धंद्यात दिवा म्हणजे सूर्य. आणि हा सूर्य कायम दुपारी बारालाच अडकलेला. दिवा डोक्यावर ठेवला की सावली इमारतीच्या पायाशी गुपचूप बसून राहते, शेजाऱ्यांच्या अंगावर जात नाही. याला कुणी लबाडी म्हणत नाही. फोटो काढायला बसताना माणूस पावडर लावतो, तसंच हे. बाईंची स्वतःचीही एक रीत होती. मंजुरी मिळेपर्यंत सगळ्यात उंच इमारत चिकटवायची नाही, नुसती खुंटीवर बसवायची. साहेब लोकांचं मन फिरतं आणि वाळलेला गोंद खरवडत बसावं लागतं ते बाईंना.

साहेब गेले. परवा महापालिकेत जनसुनावणी होती, काम संपलं होतं, घरी जायला हरकत नव्हती. पण बाईंचा हात स्वस्थ बसेल तर शपथ. त्यांनी दिव्याची दांडी खाली ओढली, थंडीतल्या सकाळी दहाला सूर्य जिथे असतो तिथे आणली.

साठ मजल्यांची सावली लांबलचक पसरली आणि थेट शेजारच्या शाळेच्या मैदानावर जाऊन पडली. सगळं मैदान काळं.

"हे काही खरं नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी इमारत खुंटीवरून उपसली आणि जागेच्या मागच्या कोपऱ्यात धरून पाहिली. मैदान एकदम उजळलं. बाईंना स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांनी सावली आता कुठे गेली ते बघितलं. ती छापखान्यांच्या गल्लीत गेली होती. त्या गल्लीत सगळे छापखाने आणि टायरची दुकानं, राहतं घर एकच. ते बाईंचं.

त्यांनी इमारत पुन्हा होती तिथे बसवली, दिवा बारावर नेला आणि कारखान्याला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे नेहमीसारखे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. म्हाताऱ्याचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे घरात ही दोघंच, आणि दोघांचं भांडण जुंपलं की खालच्या छापखान्यातली माणसं मशीन थांबवून ऐकायची. बाबांना घड्याळ लागत नसे. ऊन पायाच्या अंगठ्याला लागलं की सूनबाईने पेपर वाचून दाखवायचा, गुडघ्यावर आलं की चहा, मांडीवर आलं की आंघोळ. अंधार कायमचा पदरात पडलेल्या माणसाचा तेवढाच काय तो दिवस होता.

"सूनबाई, गुडघा तापला."

"आणतेय. आधण तरी उकळू द्या."

"काल रात्री जेवताना गप्प होतीस. मॉडेल पडलं का?"

"माझं मॉडेल पडतं का कधी?"

"मग तोंड का पडलंय?"

"तुम्हाला कुठे दिसतंय ते?"

"ऐकू येतंय."

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. सांगावंसं फार वाटलं, पण काय सांगणार? ओट्याशी उभं राहून त्यांनी मनातल्या मनात बाबांचं वकीलपत्र घेतलं. पोरं मैदानावर असतात घटकाभर, म्हातारा सगळी सकाळ. पोरं मोठी होतील, दुसरीकडे जातील, दुसऱ्या उन्हात खेळतील. हा कुठे जाणार? बाजू भक्कम होती. तरीही समाधान काही होईना. दिवा बारावरच ठेवायचा आणि तोंडाला कुलूप घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. साहेब छान बोलले. नोकऱ्या, पायी चालायचे रस्ते, दुकानांवरचं छप्पर, सगळं त्यांनी समजावून सांगितलं, आणि लोकांना ते पटतही होतं. मग मागच्या रांगेतून शाळेच्या खेळाच्या बाई उठल्या.

"मॉडेल सुरेख आहे. मला फक्त सकाळी दहाचं दाखवा. थंडीत आमच्या लहान पोरांना आम्ही तेव्हा मैदानावर आणतो. वर्गात कुडकुडतात."

साहेब हसले. "तसा दिवा हलवायची सोय बहुतेक यात नसते. काय हो, ठोकळेबाई?"

सुटायचा रस्ता त्यांनी असा ताटात वाढून दिला होता. नुसती मान हलवली की झालं. बाईंच्या डोळ्यांपुढे बाबांचे गुडघे आले, कधी पाहिलेलीही नव्हती ती पोरंही आली, आणि आजवर आपल्या कामाबद्दल आपण कुणाशी खोटं बोललो नाही हेही आठवलं.

"हलतो की," त्या म्हणाल्या. "मीच बसवलाय."

पुढे होऊन त्यांनी दांडी ओढली. मैदान काळं झालं. सभागृहात कुजबुज वाढली, बिल्डरचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघा, एवढी मोठी इमारत म्हटल्यावर सावली कुठेतरी पडणारच."

"पडणार ना," बाई म्हणाल्या, "पण कुठे पाडायची ते अजून आपल्या हातात आहे." त्यांनी इमारत उचलली आणि मागच्या कोपऱ्यात ठेवली. "इथे बसते. मी बसवून बघितलंय."

"कधी?" साहेबांनी हळूच विचारलं.

"परवा. तुम्ही गेल्यावर."

साहेब थोडे रागावले, पण माणूस हुशार. टेबलाभोवती एक फेरी मारता मारता त्यांचा राग मागे पडला आणि काम पुढे आलं. "रस्त्यावरून दिसणारा रुबाब जरा कमी होईल," ते म्हणाले, "पण पुढे मोकळा चौक मिळतो. दुकानांना तो फायद्याचाच आहे. जमेल."

खेळाच्या बाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी नव्या सावलीकडे बोट केलं. "आणि तिथे कोण राहतं? त्यांना विचारलंत?"

"तिथे मी राहते," ठोकळेबाई म्हणाल्या. "आणि माझे सासरे. त्यांना विचारायचं राहिलंय."

सुनावणीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, बदललेल्या जागेला आमची तत्त्वतः हरकत नाही, पण आधी त्या घराचं म्हणणं घ्या.

संध्याकाळी बाईंनी बाबांना सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. थंडीभर गॅलरीत सकाळचं ऊन येणार नाही, उन्हाळ्यात येईल पण तेव्हा नको असेल, हेही सांगितलं.

"आधी कबूल करून आलीस आणि आता विचारतेस?"

"कबूल नाही केलं. तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या जाऊन तसंच सांगेन."

"सांगशील?"

"सांगेन. मला वाईट वाटेल, पण सांगेन."

"मला दाखव ते," बाबा म्हणाले.

"आता दाखवू काय तुम्हाला?"

"मला हात आहेत ना?"

मॉडेल कारखान्यात परत आलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी बाबांना दंडाला धरून तिथे नेलं, टेबलाशी उभं केलं आणि दिवा सकाळच्या दहावर आणून पेटवला. मोठा दिवा तो, जवळ उभं राहिलं की चेहऱ्याला झळ लागायची. बाबांची बोटं दुकानांवरून फिरली, इमारतीच्या पायाशी आली आणि वर चढू लागली. हात पुरा उंचावला तरी टोक लागेना, तेव्हा ते चवड्यांवर उभे राहिले.

"इथे माणसं राहणार? लिफ्ट बिघडली तर भाजी कोण आणून देणार?"

"तिथे पाच लिफ्ट आहेत, बाबा."

"झकास केलंयस हो," ते म्हणाले. कधी म्हणत नसत. "आपलं घर कुठे?"

बाईंनी त्यांचा हात मागच्या गल्लीत नेला आणि एका लहानशा ठोकळ्यावर ठेवला. बाबांनी तो चाचपला, भोवतालची जागाही चाचपली.

"गार आहे."

"हो."

"आणि शाळा?"

हात सरकवताना बाईंना रडू आलं. बाबांना दिसत नाही म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढल्याचा आवाज लपला नाही. मैदानावर बाबांचा पंजा पोचला तेव्हा तो सगळा उजेडात होता, शिरांसकट, बोटांमधल्या फटींसकट.

"इथे ऊन आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"सांग त्यांना, म्हाताऱ्याची हरकत नाही."

हात मात्र त्यांनी उचलला नाही. बाईंनी एक स्टूल त्यांच्या मागे सरकवलं, दुसरं स्वतःला घेतलं, आणि दिवा तसाच चालू ठेवून त्या शेजारी बसल्या.