माझ्या पाठीची बुजलेली भोकं

मी एका गच्चीवरची जुनी हिरवळ आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कधी उगवले नाही. एका कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्यांचे हिरवे धागे काढले, सुयांच्या रांगांनी ते जाड कापडात ओवले आणि मग तापलेल्या सळयांनी माझ्या पाठीला ओळीने भोकं पाडली. तेव्हा फार दुखलं. पुढे कळलं, की माझा सगळा जीव त्या भोकांतच आहे. वरून पडेल ते पाणी तिथूनच खाली निघून जातं.

मी ज्या घरी आले, तिथली हवा बारा महिने ओली. मिठाला डब्यातच पाणी सुटायचं, दोरीवरचे मोजे वाळायचं नाव घेत नसत. मला अंथरायला आलेल्या कारागिराने माझ्या पात्यांमध्ये वाळू पेरली, म्हणजे ती ताठ उभी राहतात. निघताना त्याने घरातल्या बाबांना बजावलं, "कुठे उचकटली तर खालून पट्टी घाला आणि गोंद फक्त पट्टीलाच लावा. पाठीला फासू नका."

"हो हो," बाबा म्हणाले. डोळे फोनमध्ये.

घरात बाबा, आई, गोटी नावाची त्यांची गुटगुटीत लेक आणि बाबांचे वडील. त्यांना सगळेच अप्पा म्हणत. मी आले तेव्हा माझं काय कौतुक! पाहुणे चपला काढून माझ्यावर चालायचे आणि "अगदी खरी वाटते हो!" म्हणायचे. कौतुक सगळ्यांनी केलं, निगा मात्र एकट्या अप्पांनी राखली. रोज सकाळी ते राठ झाडूने मला उलटं विंचरत आणि वरून बादलीभर पाणी ओतत.

"अप्पा, हिला उवा झाल्यात का हो?" गोटी विचारायची.

"झाल्यात ना. तुझ्याच डोक्यातल्या आल्यात."

मग ते दाराजवळच्या आपल्या खुर्चीत बसत आणि गोटी माझ्यावर कोलांट्या मारी. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

एकदा त्या खुर्चीपाशी माझी कड उचलली गेली आणि गोटी अडखळून पडली. हनुवटी फुटली. बाबा चिडले. "आता असा चिकटवतो, की भूकंप आला तरी उठणार नाही!" त्यांनी गोंदाचा अख्खा डबा माझ्या पाठीवर उपडा केला आणि वर उभं राहून नाचून घेतलं. मी घट्ट बसले. आणि तिथली माझी सगळी भोकं बुजली.

दुपारी सगळे झोपले, की शेजारचा बोका कठडा उतरून यायचा आणि नेमका त्या कोपऱ्यात आपला कार्यक्रम उरकायचा. त्याला कुणीच कधी पाहिलं नव्हतं. आधी अप्पांच्या बादलीसरशी ते सगळं खाली वाहून जाई. आता ते वाळूत मुरू लागलं, कुजू लागलं. वरून हात फिरवला तर मी नुसती ओलसर. ओलसर तर त्या घरात सगळंच असायचं.

आईच्या मैत्रिणी चहाला आल्या, तेव्हा एकीने नाकाला रुमाल लावला. "मांजर पाळलंय का गं?"

"छे गं," आई म्हणाली आणि तिने खुर्चीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. खुर्चीत अप्पा होते.

मैत्रिणी गेल्यावर आई मोठ्याने म्हणाली, "अप्पा, या वयात होतं असं. पण सांगायचं तरी! माझी मान खाली गेली."

"अगं, मी नाही."

"मग काय मी केलं?"

गोटीला हसू फुटलं. लहान मुलं हसतातच. तिच्याकडे बघून अप्पाही जरा हसले.

"अप्पा, नुसतं हो म्हणा ना," बाबा वैतागले. "म्हणजे विषय संपेल."

अप्पांनी आपला पायजमा चाचपला. कोरडा होता. तरी पुन्हा चाचपला. मग खाली बघत म्हणाले, "झालं असेल बाबा. मला कळलं नसेल."

मी ओरडून सांगणार होते, पण प्लॅस्टिकला कसला आलाय गळा?

विषय संपला नाही. वास वाढत गेला आणि प्रत्येक वासाला अप्पांचं नाव लागत गेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं जाऊ लागलं. शेवटी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खाट मिळाली. "तिथे नर्स असतात, तुमचीच सोय होईल," बाबा म्हणाले. अप्पांनी मान हलवली. जायच्या सकाळी ते झाडू शोधत होते. आईने तो फेकून दिला होता.

अप्पा गेले. वास राहिला.

नाइलाजाने बाबांनी मला धारदार सुरीने कापून वर उचललं. खाली काळं पाणी, आणि माझ्या पाठीवर त्यांच्याच गोंदाचा थर. एकही भोक उघडं नव्हतं. तेवढ्यात बोका रोजच्यासारखा कठड्यावरून उतरला, माणसं बघून थबकला आणि परत फिरला. आईनेही पाहिलं.

"बाबा, म्हणजे अप्पांनी नव्हतं केलं?" गोटीने विचारलं. "मग त्यांना आणू या ना!"

"रुळलेत गं ते तिकडे आता," आई म्हणाली. "उगाच हलवायला नको."

"आणि हे त्यांना सांगत बसू नकोस," बाबा म्हणाले. "जुनं उकरून काय मिळणार?" अप्पांच्या खोलीत तोवर बाबांचं टेबल लागलं होतं.

कारागिराने माझा तो तुकडा नीट बदलला. मग एका रविवारी अप्पांना दिवसभरासाठी आणलं. ते गच्चीवर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "छान केलीत." मग पिशवीतून घडी केलेलं वर्तमानपत्र काढून त्यांनी खुर्चीवर पसरलं आणि त्यावर अंग चोरून बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

गोटीने पाणी आणलं. "नको गं राणी," अप्पा हळूच म्हणाले. "इथून गेल्यावर पिईन."

गोटीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा फोनमध्ये बघत होते. मग गोटीनेही पेला परत नेला.

मित्रांनो, माझी निगा राखायला फार लागत नाही. उलटा झाडू फिरवा, पाणी ओता, भोकं मोकळी ठेवा. आणि घरात वास आला, तर माणसाकडे बघण्याआधी मला उचलून बघा. मी प्लॅस्टिकची आहे, माझा तुकडा कापून नवा लावता येतो.