आकडा खरवडलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. जाड काचेची, रुंद बुडाची आणि रबरी बुचाची. माझ्या पोटात कॉस्टिक सोड्याचं पाणी असतं. त्याला काचेचं बूच लावलं, तर ते असं घट्ट बसतं की शेवटी बाटलीची मान मोडावी लागते, म्हणून रबर. माझा स्वभाव मी कुणापासून लपवत नाही. बोटाला लागले की आधी साबणासारखी बुळबुळीत वाटते, मग जाळते. राग-लोभ काही नाही, तो माझा गुणच आहे.

एका काचकारखान्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. या शाळेच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा माझ्या अंगावर छापील लेबल होतं. वर नाव, खाली आकडा. किती पाण्यात किती सोडा, ते तो आकडा सांगायचा. शेजारी आम्लाची बाटली होती, तिच्यावरही आकडा होता. माझं पाणी तिच्या दहापट कडक. दर वेळी नवं बनवायचा शिपायाला कंटाळा, म्हणून मला कडकच ठेवायचे आणि वर्गात नेताना थोडं ओतून त्यात पाणी घालायचे. त्या दिवसांत मला रोज पुसत, दोन हातांनी उचलत. माझा मोठा थाट होता.

मग रसायनशास्त्राचे नवे सर आले. गोड माणूस. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची, कारण त्यांच्या हाताखाली सगळं सोपं व्हायचं. "नववीच्या पोरांना आकडे कशाला? डोकी फिरतात त्यांची," असं म्हणत त्यांनी पात्याने आमचे दोघींचे आकडे खरवडले आणि नवी लेबलं चिकटवली. तिच्यावर 'आम्ल', माझ्यावर 'आम्लारी'. मला त्या दिवशी फार नागवं वाटलं.

त्यांचा एक प्रयोग दरवर्षी गाजायचा. "दोन विषं!" असं म्हणत ते दोन्ही पाणी एका पेल्यात ओतायचे. "समान प्रमाणात मिसळली, की झालं मीठ आणि पाणी!" आणि तो पेला घटाघटा पिऊन टाकायचे. टाळ्यांनी खोली दणाणायची. मी मागच्या फळीवर असल्यामुळे मला टेबलाची पाठ दिसायची. रुमाल काढायच्या निमित्ताने सर वाकायचे, खरा पेला खाली ठेवायचे आणि साध्या मीठपाण्याचा वर काढायचे. बाटलीला तोंड असतं, पण बोलता येत नाही.

एके वर्षी वर्गात एका शिंप्याची मुलगी होती. तिला प्रश्न फार. सरांनी तिचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. टाळ्या थांबल्यावर ती उभी राहिली.

"सर, समान म्हणजे मापाने समान, की आणखी कशाने?"

"समान म्हणजे समान. याचा एक पेला, त्याचा एक पेला. खिडकी बंद करा आता!" वर्ग खो-खो हसला. "विश्वास नाही बसत? ये, तूच पी."

ती जागची हलली नाही. मग दिवसभर सगळे तिला भित्री म्हणत राहिले. सगळ्यात मोठा आवाज तिच्या सख्ख्या मामेभावाचा. तोच वर्गाचा मॉनिटर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानेच प्रयोगशाळेची किल्ली आणली, तमाशा बघायला चार पोरं आणली. मुलीने मोजपात्र घेतलं, खाली वाकून डोळा रेषेला लावला, आणि दोन्ही पाणी थेंबाथेंबाने मापाला सारखं केलं. इतकं काटेकोर माप त्या खोलीत मी कधी पाहिलं नव्हतं. मिसळल्यावर पेला तापला. ती थांबली.

"गरम लागतोय रे."

"मग गार होईपर्यंत घरी जाऊन आईच्या पदरात लप," मामेभाऊ म्हणाला.

तिने घोट घेतला.

एकच. दुसरा खाली उतरला नाही. तिचे ओठ पांढरे झाले. ती किंचाळली नाही, कारण ज्याने किंचाळायचं तेच जळत होतं. सर धावत आले. आणि मित्रांनो, त्या माणसाचा स्वतःच्या धड्यावर खरोखर विश्वास होता. "आम्लारी गेलीय ना पोटात? मग आम्ल द्या!" त्यांनी कपाटातलं व्हिनेगर काढलं, तिचं नाक दाबलं आणि ओतलं. आतही त्या पेल्यासारखंच तापलं, आणि मी जे राखलं होतं, तेही त्या घोटाने गेलं.

काही दिवसांनी तिचे वडील आले. गळ्यात मापाची टेप तशीच. मुख्याध्यापक, सर आणि मामेभाऊ माझ्या फळीसमोर उभे होते.

"मला भांडायचं नाही," वडील म्हणाले. "डॉक्टरांना वाटतंय, पोरीनं जीव द्यायला घेतलं. तिची आई घरातल्या कात्र्या लपवून ठेवते. पोरगी पाटीवर एवढंच लिहिते, की सर दरवर्षी पितात. ते खरं आहे का, तेवढं सांगा."

"मी? प्रयोगशाळेत कुणी काही पितं का हो?" सर म्हणाले.

मुख्याध्यापक मामेभावाकडे वळले. "तू मॉनिटर ना? सांग."

त्याने आत्याच्या नवऱ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "नाही. सर कधीच पीत नाहीत."

गंमत म्हणजे, पोरगं खरंच बोललं होतं. मला हसू आलं. वडील "बरं" म्हणाले आणि उभ्याउभ्याच टेपची गुंडाळी करत राहिले.

मुलगी परतली ती थेट प्रयोगशाळेतल्या तोंडी परीक्षेला. आवाज गेलेला. पेजेसारखं पातळ तेवढंच घशाखाली उतरायचं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "आम्ल आणि आम्लारी समान घेतलं, तर काय तयार होतं?" तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता लिहील सगळं. तिने पाटीवर लिहिलं, 'मीठ आणि पाणी'. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. "बघा, शंका काढणं सोडलं की कसं डोक्यात शिरतं!" ते म्हणाले. परीक्षक हसले. तिने बाहीने पाटी पुसली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्या अंगावर माझा आकडा लिहा. आणि तुमच्या वर्गात कुणी उभं राहून "किती?" असं विचारलं, तर त्याला हसू नका. हसलात तरी माझं काही जात नाही. मी इथेच आहे, कपाटात, काठोकाठ भरलेली, आणि मला तुमच्यातलं कुणीही चालतं.