डावखुरा शिलेदार

हनीफनं ब्रश शाईत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. समोर शांतलिंगअण्णा बशीतला चहा फुंकत होते. मुलांच्या पाक्षिकाचा हा मालक सोलापूरहून एसटीनं उस्मानाबादला काही नुसत्या चहासाठी आलेला नाही, एवढं त्याला उमगलं होतं.

“निळा शिलेदार आता नवा करायचा, हनीफभाई,” अण्णा म्हणाले. “नकाब तोच, घोडा तोच, आत माणूस नवा. कोवळा पोरगा. गोष्ट पहिल्यापासनं सुरू.”

“आन् पहिला?”

“पहिला नव्हताच, असं धरायचं की. त्याच्या वाचकांना मिशा फुटल्या. नव्या पोरांना मागचं कायच ठाऊक नाही.”

“मग मेला म्हणून दावतो, अण्णा. एकाच चित्रात. लढाईत पडला, असं.”

“मारू नका बघा! पोरं रडतील, आईबाप आमच्या नावानं बोटं मोडतील. गुमान सोडून द्यायचा. कुणी विचारत नाही. आणि या खेपेला तलवार उजव्या हातात द्या. डावखुरा शिलेदार बघून मास्तर लोक हसतात.”

अण्णा माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी चहाची तारीफही केली.

हनीफचं पोट भरायचं ते दुकानांच्या पाट्यांवर, पण जीव होता पाक्षिकातल्या चित्रकथेच्या या शिलेदारात. निळा तो नुसता नावाला. अंकाला शाई एकच, काळी. नकाबाआडचा चेहरा वाचकांनी कधी पाहिला नव्हता. हनीफला मात्र तो पाठ होता. डाव्या हातात तलवार, उजवा खांदा किंचित उतरता. त्याचा थोरला भाऊ वजीर अस्साच चालायचा, कुऱ्हाड डाव्या हातानं धरायचा आणि घासही डाव्या हातानं उचलून अम्माच्या शिव्या खायचा. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तो ‘ईटला मामूकडं जाऊन येतो’ म्हणून निघाला. ईट गावी पोचला नाही, माघारीही आला नाही. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. सुरुवातीला लोक विचारायचे. मग विचारेनासे झाले.

वजीरची बायको शरिफाबी मागच्या घरात एकटी राहायची. दीर-भावजय एका छपराखाली म्हणजे गावाच्या जिभेला खुराक, म्हणून हनीफ पुढं आपल्या पाट्यांच्या दुकानातच झोपायचा. भाभीनं गळ्यातला काळ्या मण्यांचा लच्छा उतरवला नव्हता. सुहागन म्हणावी तर नवरा नाही, बेवा म्हणावी तर गळ्यात लच्छा. लग्नघरी हिला कुठं बसवावं हे बायकांना कळायचं नाही, म्हणून ती लग्नाला जायचंच टाळायची.

तिला मराठी वाचता येत नव्हतं. तरी अंक आला की पदराला हात पुसून घ्यायची, चित्रांवरून बोट फिरवायची आणि अंक जागेवर ठेवायची. तिला बिचारीला काय कळतंय, असं हनीफ धरून चालला होता.

आठवडाभर त्याचा हात चालला नाही. उजव्या हातात तलवार दिली की शिलेदार सोंगाड्या दिसायचा. शेवटी एके दुपारी त्यानं कोरा कागद ओढला. गावाबाहेर लिंबाखाली एक ताजी कबर काढली. तिच्यावर घडी घातलेला नकाब, डाव्या अंगाला तलवार, आणि नकाब उचलायला वाकलेला एक पाठमोरा पोरगा. अण्णा हे छापायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण हा माणूस होता, असं एकदा तरी कुणीतरी म्हणायला नको का?

भाभी ताट घेऊन आली. कागद झाकायला हनीफचा हात पुढं झाला, पण शाई ओली होती.

तिनं ताट खाली ठेवलं आणि बघत राहिली.

“तलवार डाव्या अंगाला ठिवलीस,” ती म्हणाली.

हनीफनं ब्रश खाली ठेवला. “भाभी, ही नुसती गोष्ट हाय.”

“व्हय, गोष्टच. पहिल्या अंकालाच म्या वळखलं.” ती जमिनीवर टेकली. “दर पंधरवड्याला वाटायचं, आज तरी घरला यील. किती लढाया मारल्यास, पर घरला कंदी आणलं न्हाईस.”

“कसं आणायचं, भाभी? लई येळा कागद घेतला. दार काढलं, की फुडं हात जाईना.”

“बरं केलंस. खोटं आणलं असतंस तर म्या दार उघडून बसले असते.” तिचं बोट कबरीपाशी, ओल्या शाईच्या अलीकडं थांबलं. “कुणीच माती दिली न्हवती रे त्यास्नी. आज दिलीस.”

हनीफ रडला. ती रडली नाही. “जेवून घे, गार व्हतंय,” म्हणाली आणि शाई वाळेपर्यंत तिथंच बसून राहिली. मग कागद उचलून आत घेऊन गेली. संध्याकाळी तो ताट द्यायला गेला तेव्हा तिच्या गळ्यात लच्छा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं अण्णांसाठी नवा कागद घेतला. कोवळा पोरगा, उजव्या हातात तलवार. या खेपेला हात अडला नाही. फक्त नकाबाआड कोण आहे, हे आता त्यालाही माहीत नव्हतं. हनीफ आपला एकटाच चित्र काढत राहिला.

भाभीनं रीतसर इद्दत पाळली, नवरा गेलेल्या बाईनं घरात बसून काढायचे चार महिने दहा दिवस. इद्दत सरल्यावर गल्लीतल्या हमिदाबीच्या पोरीचं लग्न निघालं. भाभी गेली आणि कुणाला न विचारता भिंतीकडेच्या बेवा बायकांत जाऊन बसली. बायका सरकल्या, जागा झाली.