कर्मचाऱ्यांशी चर्चा केली

ग्लासच्या तळाशी बाहेरून साबणाची एक पांढुरकी कड राहून गेली होती. रश्मीने ती बोटाने पुसून पाहिली, निघाली नाही. मग चहा तसाच ठेवून ती कॅन्टीनच्या मागच्या दाराकडे बघत बसली... दार अर्धं उघडं, आतून नळाचा आवाज आणि स्टीलवर स्टील आपटल्याचा आवाज, सकाळपासून सुरू असलेला. हा आवाज पूर्वी नव्हता. हा मी आणला.

पूर्वी कागदी कप होते – प्यायचे नि फेकायचे. घाटकोपरच्या या कॉलेजात त्यांच्याविरुद्ध वर्गावर्गांतून सह्या गोळा केल्या त्या रश्मीने, आणि इथेच, कॅन्टीनमध्ये भरलेल्या खरेदी समितीपुढे उभं राहून, वस्तू घेताना ती कुठून येते आणि कुठे जाते हे दोन्ही विचारा, असं ठणकावलं तेही तिनेच. समितीने मानलं. स्टीलचे ग्लास आले. टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या तिला मनापासून आवडल्या – आता कबूल करायला काय हरकत आहे?

फक्त त्या अर्जात एक रकाना होता: कर्मचाऱ्यांशी चर्चा केली का? अर्ज पाचच्या आत द्यायचा होता. मोरीकडे जायचं म्हणजे ओल्या फरशीवरून, खरकट्यातून जायचं, आणि पायात नवे बूट... बूट! 'चर्चा केली' असं तिने लिहून टाकलं. त्याखाली, कामात वाढ: विशेष नाही. विशेष नाही म्हणजे काय, हे तिला गेल्या आठवड्यात दिसलं, मोरीवर भांडी धुणाऱ्या सुंदराबाई ग्लासांचा ट्रे बाहेर घेऊन आल्या तेव्हा. बोटांची सालं निघालेली, अंगठ्याला चिंधी. कंत्राटदाराने धुवायला दुसरं माणूस दिलंच नव्हतं.

आणि आज तीन वाजता मुलुंडच्या एका कॉलेजची मुलं येणार होती, हाच अर्ज बघून आपल्याकडे तसंच करायला. तिथेही मोरीपाशी कुणीतरी बसलेलं असेलच. "तू फक्त चांगलं तेवढं बोल हां," मोहिमेतला तिचा जोडीदार अनय सकाळीच म्हणाला होता, "उगाच वाट लावू नकोस यार." त्यावर ती हसली होती. हसले मी, चक्क.

ती उठून आत गेली. सुंदराबाई पाटावर बसून ग्लास विसळत होत्या.

"मावशी... हे ग्लास माझ्यामुळे आले."

"ठावं हाय की. तुझं भाषण ऐकलं ना मी, हितूनच."

"तुम्हाला विचारलं असं मी लिहून दिलं. विचारलं नव्हतं."

सुंदराबाईंनी नळ बंद केला. आता बोलतील, चांगलं फैलावर घेतील, असं रश्मीला वाटलं. त्यासाठीच तर ती आली होती.

"इचारलं असतंस तर व्हय म्हनले असते गं. आमचं घर देवनारला, डंपिंगच्या अंगाला. कचरा पेटला की नातू रातभर खोकतो. ते कप बंद झाले ते बेसच झालं." अंगठ्याची चिंधी त्यांनी दातांनी आवळली. "फकस्त आनखी एक बाई माग, म्हनले असते."

एवढंच. एक वाक्य! त्या दिवशी समिती इतकी खुशीत होती की तेही मान्य झालं असतं, नक्की झालं असतं, आणि ते वाक्य इथे, दारापासून दहा पावलांवर, महिनाभर तयार होतं...

"तीनला येता का मावशी? तुम्हीच सांगा त्या मुलांना."

"आन् हे कोन धुनार?" त्या हसल्या, मनापासून हसल्या, आणि नळ पुन्हा सुरू झाला.

बाहेर येऊन ती नुसती उभी राहिली. ओरडा मिळाला असता तर रडता आलं असतं, मोकळं होता आलं असतं; पण मावशींनी तिला माफसुद्धा केलं नव्हतं, कारण त्यांना ते लागलंच नव्हतं – न विचारणाऱ्यांची त्यांना सवय होती, आणि त्या माणसांत आता मीही एक. लाज वाटत होती, पण सकाळची ती बोचरी, कुणीतरी पकडेल अशी लाज कुठे गेली ते कळत नव्हतं. अडीच वाजले होते. जिन्यावरून अनय हात करत होता. खरं सांग, असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं, आणि आता कुणी म्हणणारही नव्हतं.