सात वाव खाली

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा गळ आहे. आकाराने बोराएवढा, रंगाने काळपट आणि पोटातून एक पोलादी आकडा बाहेर आलेला. दिसायला मी काही देखणा नाही. पण भर थंडीत मुळशीच्या धरणातून मासा कोणी काढून दाखवला, असं विचाराल तर माझंच नाव घ्यावं लागेल. खरं सांगायला लाजायचं कशाला?

मारुंजीत गाड्यांच्या चाकांच्या दुकानाबाहेर, चाकाचा तोल साधायला लावतात ते शिशाचे बारके तुकडे पडलेले असत. तिथे मजुरीला जाणारी धोंडाबाई ते पदरात बांधून आणी. तिने ओल्या मातीत बोर दाबून साचा केला, तो उन्हात खडखडीत वाळवला, आकडा उभा धरला आणि वितळलेलं शिसं ओतलं. असा मी जन्माला आलो. माझ्या गळ्यात लांब दोरी बांधून तिने मला आपल्या लेकीच्या, कमळच्या हाती दिलं.

माझं काम तुम्हाला सोपं वाटेल, पण नाही हो. थंडीत मासा हिंडत नाही. खोल, तळाजवळ गप पडून राहतो. तिथे आडवं फेकून काही उपयोग नसतो. मी तराफ्यावरून सरळ खाली उतरतो. दोन्ही हात पसरले की एक वाव. असे सात वाव. तळ लागला की कमळ मला वीतभर वर घेई आणि बोट हलवून जागच्या जागी थरथरवी. तेवढंच. आळशी माशालाही तोंडापुढचा घास सोडवत नाही.

पुढे कमळचं लग्न झालं. तिचा नवरा बुधा, माणूस भला, पण त्याला जाळ्याचं फार कौतुक. लेक आठ-दहा वर्षांची झाली तेव्हा घरात नवं जाळं आलं आणि माझे दिवस फिरले. माझ्या आकड्यावर बूच खोचून मला दारावर पडदा म्हणून लावलेल्या गोणपाटाला बांधलं, का तर ते वाऱ्याने उडू नये. बारा वर्षं मी दारात लोंबकळलो, मित्रांनो. शेळ्या येता-जाता मला चाटून जात. फार अपमान वाटायचा.

यंदाच्या जानेवारीत कमळची लेक प्रियंका सासरच्या चांदे गावाहून माहेरी आली. सातवा महिना, पहिलटकरीण. चार दिवस तिच्या पोटात काही टिकेना. पेज नाही, भाकरी नाही. सरकारी दवाखान्याच्या आशाताई येऊन बजावून गेल्या, आज काही टिकलं नाही तर उद्या दवाखान्यात न्यायचं. प्रियंका एकच म्हणत होती, "आये, आपल्या पाण्यातल्या चिलापीचं कालवण दे."

बुधाने तीन दिवस जाळं टाकलं. रिकामं. पौडहून बर्फातले मासे आणले, तर वासानेच पोरगी बाहेर पळाली. तेव्हा कमळ उठली, तिने मला गोणपाटावरून सोडवलं आणि राखेने माझ्या आकड्याचा गंज घासला.

बुधा हसला. "जाळ्याला गावंना, त्या बोराला काय गावनार?"

"तुमी तराफा तेवढा चालवा," कमळ म्हणाली.

ऊन वर आल्यावर आम्ही निघालो. खोल पाण्यावर तराफा थांबवून कमळने आकड्याला गांडूळ लावलं, सात वाव दोरी सोडली, मला वीतभर वर घेतलं आणि दुसरं गांडूळ शोधताना दोरी घटकाभर बुधाच्या हातात दिली. तोच एक चिलापी आली. तिने मला खालून तोंडात धरलं आणि ती वर उठली. दोरी सैल पडली.

"गेला तळाला," म्हणत बुधाने आणखी दोरी सोडली. चिलापीने मला थुंकून टाकलं. माझा असा संताप झाला म्हणून सांगू. तोंडापर्यंत आलेला पोरीचा घास ह्या माणसाने घालवला.

कमळने दोरी हिसकून घेतली. "तळ मगाशीच लागलाय. मंग वजन गेलं कुटं? मासा दर येळी खालीच वडतो व्हय? त्यो गळ घिऊन वर आला की हात हलका हुतो. माज्या आयनं शिकीवलंय."

पुन्हा मला वीतभर वर घेतलं. मी थरथरलो, थांबलो, थरथरलो. पाणी बर्फासारखं. आणि एकाएकी कमळचा हात हलका झाला. तिने त्याच क्षणी हिसका दिला. पंजाएवढी चिलापी तराफ्यावर तडफडत पडली. त्या दुपारी मी अकरा चिलाप्या काढल्या. बुधा एका हाताने तराफा धरून दुसऱ्या हाताने मासे गोळा करत होता.

तिन्हीसांजेला प्रियंका जेवली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती उठून बाहेर पळाली नाही. थोड्या वेळाने तिने ताट पुढे केलं. "आये, आजून हाय का?"

कमळने पदराने डोळे पुसले आणि कालवण वाढलं. मी खुंटीवरून पाहत होतो. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, मला आता गोणपाटाला बांधत नाहीत. माझी विनंती एवढीच, की तुमच्या घरात असं काही जुनं पडलं असेल, तर त्याचा गंज काढा आणि ते वापरायचं कसं हे जाणत्या माणसाला विचारून घ्या. यात कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी बुधाच कमळला म्हणाला, "आज दोरी माज्या हातात दे. हलकं कसं लागतं, त्ये मला शिकीव."

"शिकीवते," कमळ म्हणाली. "आदी त्येला पुसा."

आणि बुधाने मला स्वतःच्या सदऱ्याने पुसलं.