फोनच्या पुस्तकातलं सोनं

मी एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी आहे. मित्रांनो, हसू नका. फोन नंबरांचं एवढं जाडजूड पुस्तक असायचं, हे तुमच्यातल्या कित्येकांना खरं वाटणार नाही. पण एके काळी माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म छापखान्यात झाला, तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. जवळा बाजारच्या अमृतरावांनी आपल्या आडत दुकानात मला सुतळीने फोनशेजारी बांधून ठेवलं. ते बोटाला थुंकी लावून माझी पानं उलटायचे. मला भारी किळस यायची. पण आल्यागेल्याला ते सांगायचे, "हे पुस्तक हाय म्हनून आपलं दुकान चालून राहिलं," आणि मग मी थुंकीचंही वाईट वाटून घेत नसे.

पुढे खिशाखिशात मोबाइल आले. दुकानातले मुनीम बुटके होते, त्यांचे हात टेबलापर्यंत पोचेनात, म्हणून मला त्यांच्या खुर्चीत ठेवलं. बारा वर्षं मुनीम माझ्यावर बसले. माझ्या अंगावर मोठमोठ्या साहेबांचे नंबर होते, त्यांचाही मान राहिला नाही.

सुटका केली ती अमृतरावांच्या सुनेने, कोमलने. ती सेनगावजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत दुसरीला शिकवते. मला उचलून तिने झटकलं, तेव्हा अमृतराव म्हणाले, "लेकरं काय फोन लावून राहिली का यातून?"

"नाही मामा, झाडाची पानं वाळवणार आहेत," कोमल म्हणाली.

शरद ऋतू लागला होता. पाऊस उघडला, सोयाबीन काढणीला आलं, आणि कोमल मॅडमनी दुसरीचा वर्ग उचलून बाहेर आणला. पोरं शेंगा फोडून दाणे मोजायची, झेंडूच्या पाकळ्यांनी आकडे काढायची. शिवाय प्रत्येकाने एकेक पान आणून माझ्यात वाळवायचं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईबापांसमोर उभं राहून त्याची माहिती सांगायची, असं ठरलं. एकाने भोपळ्याचं पान आणलं, त्याच्या पाण्याने औंढा गावाचे सगळे नंबर भिजले. एकाने पानाबरोबर नाकतोडाही दाबला होता, तो औंढ्याहून वसमतला उड्या मारत गेला. पण आता माझ्यावर कुणी बसत नव्हतं, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

त्या वर्गात शिला होती. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी, त्यामुळे चुकेल या भीतीने ती तोंडच उघडायची नाही. हजेरीलाही नुसता हात वर करायची. ती रोज मधल्या सुट्टीत मला उघडून आपलं पान बघायची आणि अगदी हळू म्हणायची, "हे आपट्याचं पान. याला नऊ शिरा हायेत." मॅडमनी तीन वाक्यं सांगितली होती, तिसरं काही तिला सुचत नव्हतं. लोकांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवण्यात माझा जन्म गेला. या पोरीचं बोलणं पोचलं पाहिजे, असं मला फार वाटायचं.

दसऱ्याच्या सुट्टीत वर्गात उंदीर नाचतात, म्हणून मॅडमनी मला शिलाच्या घरी पाठवलं. वर पाटा ठेवायचा, उघडायचं नाही, अशी ताकीद होती. घरात शिलाचे आजोबा भावसिंग. ती त्यांना दादा म्हणते. तांड्यात वयाने सगळ्यांत मोठे, त्यामुळे दसऱ्याला पाया पडून सोनं घ्यायला अख्खा तांडा त्यांच्या दारात येतो. त्यांनी सकाळीच आपट्याची फांदी आणून बाजेवर ठेवली होती. दुपारी बघतात तर बाजेवर नुसती काडी, आणि शेजारी शेळी तोंड हलवतेय.

लोक तर यायला लागले. भावसिंगांनी घरभर शोधलं, पाटा उचलला, मला उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आतलं आपट्याचं पान त्यांनी आधी दिलं. मग कांचन गेला. मग पळस, तूर, कापूस, पेरू. शेवटी भोपळ्याचं पानही "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणून तांड्यातल्या प्रेमदासच्या हातात ठेवलं. दहा मिनिटांत माझं पोट रिकामं झालं.

देवळातून परतलेली शिला मला उघडं बघून रडायलाच लागली. "दादा, ते सोनं न्हवतं. आमची शाळा होती!"

भावसिंग खाली बसले. "दिलेलं सोनं वापस कसं मागू ग? तांडा हसंल मला." पण लेकरू काही रडायचं थांबेना. शेवटी ते उठले आणि मला काखोटीला मारून तिच्याबरोबर निघाले.

पहिलं दार शेजारच्या निर्मलाबाईचं. भावसिंग उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "काय म्हनते सोयाबीन?" दुसऱ्या दारात त्यांनी म्हशीची चौकशी केली. मागायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. तिसऱ्या दारात शिलाच पुढे झाली. आधी पुटपुटली, मग बोलली, आणि सातव्या दारात तर पार आवाज चढवून म्हणाली, "काका, ते पान शाळेचं हाय. कोनचं मिळालं तुमाला?"

प्रेमदासने भोपळ्याचं पान देवापुढे ठेवलं होतं. तो म्हणाला, "मला वाटलं, यंदा आपटा कमी पडला म्हनून भोपळ्यावर भागवून राहिले."

पान मात्र कुणी परत दिलं नाही. आलेलं सोनं परत करणं बरं नव्हे. वाट काढली निर्मलाबाईने. "उद्या शाळेत येऊन लेकरायला सोनं देतो की आमी. द्यायला कोन नको म्हनते?"

दुसऱ्या दिवशी खरंच अख्खा तांडा शाळेत आला. पोरांनी पाया पडून आपापलं पान घेतलं. मॅडमना काही कळेना, त्यांनीही एक-दोघांना नमस्कार करून टाकला. सगळी पानं परत आली, फक्त शिलाचं आलं नाही. ते तिच्या प्रमोदकाकाला मिळालं होतं, आणि तो पहाटेच्या गाडीने ऊसतोडीला गेला होता. आता तो उन्हाळ्यातच येणार.

शिलाचं नाव पुकारलं. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. मग ती माझ्याकडे आली, सेनगावचं पान उघडलं आणि मला सगळ्यांसमोर उंच धरलं. नंबरांवर तिच्या पानाचा तपकिरी ठसा उमटला होता, शिरांसकट.

"हे आपट्याचं पान. याला नऊ शिरा हायेत," ती खणखणीत म्हणाली. एकेक शीर बोट ठेवून मोजली. मग तिने तिसरं वाक्य सांगितलं. "पान माज्या काकासंगं ऊसतोडीला गेलंय, काका आला की येईल."

टाळ्या वाजवता वाजवता भावसिंग फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होते.

मित्रांनो, माझ्यातला एकही नंबर आता लागत नाही. तरी घरातलं एखादं जाडं जुनं पुस्तक रद्दीत घालण्याआधी त्यात एक पान ठेवून बघा. आणि तेवढी शेळी लांब बांधा.