दाराआडचं ‘शू’

पितळेची कडी, बोटभर लांब, मधोमध हात लागून लागून फिकी पडलेली… ग्रंथालयातल्या मासिकांच्या जुन्या अंकांच्या खोलीला ती आतून होती, आणि तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून गेले नऊ दिवस तो रोज कामावर आल्या आल्या आधी तिच्याकडेच पाहत होता. कडीला काय, लावली की लागते. माणसाला आधी प्रशिक्षण द्यावं लागतं.

त्याला दिलं होतं. अर्धा दिवस, चहाबिस्किटांसकट. सार्वजनिक जागी कुणी हत्यार घेऊन घुसलं तर काय करावं — पळा. पळता आलं नाही तर लपा. लपता आलं नाही तर हाताला येईल ते घेऊन तुटून पडा. प्रत्येक कचेरीनं एक माणूस पाठवायचा होता. ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवरचा हा कारकून सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत बिनकामाचा, म्हणून तो गेला. “हाताला येईल ते म्हणजे, विश्वकोश चालेल का?” त्यानं विचारलं. सगळे हसले, प्रशिक्षक हसला नाही. “दार एकदा लावलं की उघडायचं नाही,” तो म्हणाला. “बाहेर सख्खा भाऊ असला तरी नाही.” हे वाक्य त्यानं वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शाळेत एवढ्या मनापासून शिकलो असतो तर आज मी…

आणि मग नऊ दिवसांपूर्वी, भर दुपारी, लोखंडी गज घेतलेला एक माणूस आत शिरला. का, ते पोलिसांनाही अजून नीट उमगलेलं नाही. काच फुटल्याचा आवाज झाला, आणि हा, ज्याला स्वतःच्या चपला सापडायला रोज दहा मिनिटं लागतात, तो वाचनकक्षातल्या तिघांना जुन्या अंकांच्या खोलीत ढकलून, कडी लावून, दिवा घालवून मोकळा झाला. थेट वहीतल्यासारखं. अंधारात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी कुजबुजली, “इथं रोज बसायला मिळेल का हो? काय शांत आहे!”

तेवढ्यात दारावर ठोके पडले. आधी तीन, अदबीनं. मग उघड्या पंजानं, भराभर. आणि त्यानं — त्याचं मन रोज इथवर येऊन अडखळायचं, कडी न काढणं ठीक, ते वहीत होतं, पण हे वहीत नव्हतं — त्यानं दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि म्हटलं, “शू…!”

पाच वर्षांची सवय. तेही एक वेळ चाललं असतं. पण बाहेरच्यानं ते ऐकलं. ठोके थांबले. जीव मुठीत धरून आलेल्या माणसानं, ग्रंथालयात गोंगाट करू नये म्हणून, हात खाली घेतला. आणि पावलं गेली… हळू, टाचा न वाजवता.

पोलिसांनी गजवाल्याला धरलं तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी खळमामा पडलेले सापडले. पुस्तकांची बांधणी करणारे, अंगाला कायम खळीचा वास, म्हणून खळमामा. खांद्याचं हाड मोडलेलं. मार लागलेले ते एकटेच. तेव्हा ठोके कुणाचे, हे विचारायची गरजच नव्हती.

आज ते पहिल्यांदा कामावर आले, हात गळ्यात बांधून, आणि नेमकं आजच साहेबांनी सगळ्यांना जमवून त्याला प्रशस्तिपत्र दिलं. “प्रसंगावधान” हा शब्द साहेबांनी चार वेळा उच्चारला, एकदा बरोबर. मामांना टाळी वाजवता येईना, म्हणून ते धडक्या हातानं मांडीवर थापा मारत होते. त्या थापा त्याच्या कानशिलात बसत होत्या.

दुपारी तो बांधणीच्या खोलीत गेला. मामा एका हातानं दोरा ओवायचा प्रयत्न करत होते.

“या, शूरवीर! एवढा दोरा ओवा.”

त्यानं सुई घेतली. “मामा, त्या दिवशी दारावर… मला ऐकू आलं होतं. मी उघडलं नाही. वर तुम्हाला शू म्हणालो.”

“मला?”

“हो.”

“अरे लेका, मी तुझ्या दारापाशी पोचलोच कुठं? आवाज ऐकून वर यायला निघालो, तर तो जिन्यातच भेटला. मी कशाला ठोठावू?”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.”

“तुला बरं वाटायला माझं हाड मोडलंय होय?” मामा वैतागले. “दुसरं कुणीतरी असेल. गेलं असेल मागच्या दारानं. धडधाकट आहे म्हणजे झालं. तू ओव.”

दोरा ओवला गेला नाही.

बरं वाटायला हवं होतं. माझ्यामुळे कुणाचं हाड मोडलं नाही — हे वाक्य त्यानं मनात तीनदा म्हणून पाहिलं. उलट काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं झालं. नऊ दिवस त्यानं माफी जुळवली होती, आणि ती मामांच्या मापाची होती. मामा शिव्या देतील, मग चहा मागवतील, इथवर सगळं आखलेलं. म्हणजे ठोके मामांचेच असावेत, मोडलेलं हाड आपल्या नावावर असावं, असं त्याला वाटत होतं तर! का, तर मामा माफ करतील म्हणून. या नव्या लाजेला कुठं ठेवावं हे त्याला सुचेना. जुनीनंच सगळी जागा अडवलेली.

तो परतला तेव्हा खिडकीवर पाच-सहाजण रांगेत उभे होते. एक बाई, एक चष्मेवाले गृहस्थ, मागे कुणी खोकत होतं. यातलं कुणीतरी… किंवा उद्याच्या रांगेतलं… किंवा जे आता कधीच येणार नाही ते. त्याला आपला आवाज माहीत आहे. आपल्याला त्याचा चेहराही नाही.

इतके दिवस त्याला एकाच माणसाच्या नजरेची धास्ती होती. बाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. त्यानं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“काही नाही,” तो म्हणाला, आणि न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत राहिला.